भांडलास, आता वीण!

आयुष्यात मी एकच स्वेटर विणला. ज्याच्यासाठी विणला तो माणूस त्यात बायकोपोरांसकट मावला असता, वर पाहुण्यांसाठी एक बाही मोकळी राहिली असती. मी फुगवून सांगतोय असं तुम्हाला वाटेल. वाटू दे. त्या दिवसांत मी एका औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. खोकल्याच्या साध्या बाटलीबद्दल डॉक्टरांपुढं असं बोलायचो, की डॉक्टरलाच खोकावंसं वाटायचं. म्हणजे फुगवणं हा माझा पोटाचा धंदा होता. स्वभाव नंतर झाला.

पण त्या स्वेटरचं पाप माझ्या एकट्याच्या माथी मारू नका. त्याच्यामागं आमची घरमालकीण होती.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत तिची पिठाची गिरणी. खाली गिरणी, मागं तिची खोली, वर भाड्याच्या दोन खोल्या. सगळी पेठ तिला मावशी म्हणायची. वर्षानुवर्षं गिरणीच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलल्यामुळं तिच्या गळ्यात हळू बोलण्याची सोयच उरली नव्हती. ती कुणाच्या कानात गुपित सांगायला वाकली, की पलीकडच्या गल्लीतनं "अस्सं व्हय!" असा आवाज यायचा. एकदा एका मयताला गेली आणि अगदी दबक्या आवाजात "लई चांगला माणूस हुता" म्हणाली, तर तिरडीवरचा माणूस दचकला म्हणतात. मी बघितलेलं नाही. सांगतो मात्र सगळ्यांना.

बोलण्याचं हे असं, तर ऐकण्याची वेगळीच तऱ्हा. गिरणी चालू असताना समोरचं गिऱ्हाईक काय बोलतंय ते तिला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. ती नुसती मान हलवायची. नव्या माणसाला वाटायचं, मावशी हो म्हणाली. जुन्या माणसाला ठाऊक असायचं, की त्या मान हलवण्याचा अर्थ एवढाच: पट्टा थांबला की बोल.

मी खोली बघायला गेलो तेव्हा पट्टा थांबलेला होता. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "भांडतोस का?"

मी टाय सरळ केला. "छे छे! मी अगदी गरीब माणूस."

"मग खोली न्हाय मिळायची. भांडत न्हाय त्यो मनात ठेवतो. मनात ठेवणारा भाडेकरू म्हंजे भिंतीला ओल."

मी लगेच बाजू बदलली. म्हटलं, तसा मी भयंकर भांडखोर आहे. गारगोटीला आमच्या आळीत माझं नाव काढलं की कुत्री वाट बदलतात.

"थापाड्या हायस," ती म्हणाली. "चालंल. ये ऱ्हायला. पण भांडलास तर विणावं लागंल. आत्ताच सांगून ठेवते."

मला वाटलं, विणावं लागेल म्हणजे काहीतरी कोल्हापुरी शिवी असावी. ती शिवी नव्हती. कायदा होता. वर्षभरात ज्याच्याशी तुमचं भांडण झालं असेल, त्याच्यासाठी हिवाळ्यात स्वेटर विणायचा. दिवाळी उलटली की सुया हातात घ्यायच्या आणि संक्रांतीला तिळगुळाबरोबर तो स्वेटर त्याच्या अंगात घालायचा. लोकर आपली, बोटंही आपलीच. बायकोकडनं विणून आणलेलं मावशी एका नजरेत ओळखायची. आणि माप घ्यायचं ते टेपनं नाही, जुन्या शर्टावरनं नाही. समोरच्याच्या अंगाला हात लावून, विती टाकून घ्यायचं.

"टेपला काय राग असतोय?" ती ओरडायची. "हात लाव त्याला! जित्ता माणूस हाय, कळू दे की तुला!"

कोल्हापूरची थंडी तशी बिचारी. सकाळी येते, रंकाळ्यावर दोन फेऱ्या मारते आणि ऊन पडलं की घरी जाते. पण मावशीनं एकदा "थंडी पडली!" असं जाहीर केलं, की तिच्या आवाजानंच पेठेच्या अंगावर काटा यायचा. मग रोज संध्याकाळी गिरणी बंद झाली की आम्ही आत जमायचो. दिवसभर फिरून तापलेलं जातं मध्ये, भोवती पोत्यांवर आम्ही, परातीत भडंग, आणि चहा. गिरणीतलं पीठ रात्रभर हवेतनं खाली बसत असतं. ते लोकरीवर बसायचं. तिथं विणलेल्या प्रत्येक स्वेटरला पहिल्या धुण्यापर्यंत ज्वारीच्या भाकरीचा वास यायचा. एक गृहस्थ तसाच न धुतलेला स्वेटर घालून पावसात सापडले, तर घरी पोचेपर्यंत त्यांचं थालीपीठ झालं होतं.

येणारे-जाणारे पुष्कळ. पण रोजची बैठक चौघांची. मावशी, मी, वरचा जॉबर आणि समोरच्या घरातली भाभी. भाभी ब्लाऊज शिवायची, गल्लीतल्या सगळ्या भांडणांची माहिती ठेवायची, आणि मावशीला तोंडावर "गप बसा की वो" म्हणू शकणारी पेठेतली एकुलती एक व्यक्ती होती.

जॉबर म्हणजे माझा वैरी. इचलकरंजीत यंत्रमागांची दुरुस्ती करणाऱ्याला जॉबर म्हणतात. बायकोपोरं शाहूवाडीकडं गावी, हा इथं एकटा. अंगानं मिटलेल्या छत्रीएवढा. सहा महिने आम्ही एकमेकांचं तोंड बघत नव्हतो, आणि त्याला कारण न्हाणीतला बंब. रात्रपाळी करून तो सकाळी यायचा तेव्हा त्याला गरम पाणी हवं असायचं. त्याच वेळी मलाही. मी अंघोळीला तसा सावकाश. एके दिवशी त्यानं बाहेरनं पाण्याचा कॉकच बंद केला. मी आत, तोंडाला फेस, अर्धी दाढी झालेली. तसाच पहिल्या डॉक्टरकडं गेलो, तर त्यांनी मला रांगेत न बसवता थेट तपासायला आत घेतलं. संध्याकाळी मी जॉबरला त्याच्या सात पिढ्यांची ओळख करून दिली. तोही मागं हटला नाही. मावशी खालनं ऐकत होती. भांडण संपल्यावर जिन्यातनं आवाज आला: "झालं? दोघंबी दिवाळीनंतर खाली या!"

मापाच्या संध्याकाळी गिरणीत पंधरा-वीस माणसं जमलेली. "घे माप," मावशी म्हणाली.

मी पुढं झालो. जॉबरच्या छातीवर अंगठा टेकवला आणि त्या माणसानं काय करावं? चारचौघांत, वैऱ्याच्या हातनं माप, समोर पेठेतल्या बायका. त्यानं असा श्वास आत ओढला की कोपऱ्यातलं पीठ उडालं. छातीचा पार पिंजरा झाला.

"श्वास सोड की रं!" मावशी ओरडली.

तो सोडेना. डोळे बाहेर, ओठ निळे, पण छाती तशीच वर. मी विती टाकत पाठीमागनं फिरून आलो. खरं सांगायचं तर चार भरल्या, वर चार बोटं. पण माझं तोंड म्हणजे धंद्यात मुरलेलं. बोटं चारवर थांबली आणि तोंडातनं गेलं, "सहा!"

बायका "बया!" म्हणाल्या. जॉबरनं तक्रार करावी की नाही? तो उलट इकडंतिकडं बघून घेत होता, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून. माझी थाप त्याला आवडली, ती पहिली वेळ.

मग त्यानं माझं माप घेतलं. मागावरच्या सुताला ताण देतात तसं. त्याच्या हिशेबानं मी एक वीत रुंद आणि दीड वीत उंच असणार.

विणायला बसलो. मी वैऱ्यासाठी मुद्दाम भडक नारिंगी लोकर आणली होती, रस्त्यानं जाताना त्याला बघून वाहनं थांबावीत म्हणून. सुलट टाका, उलट टाका मावशीनं शिकवला. पण माझे टाके म्हणजे खिडक्या. भाभीनं एकदा तो तुकडा उजेडापुढं धरला आणि म्हणाली, "भाऊ, शेंगा चाळायला बरं हाय हे." जॉबरचं उलट. मोबाइलवर व्हिडिओ बघून तो असा आवळून विणायचा, की त्याच्या स्वेटरमध्ये दूध ठेवलं असतं तर गळलं नसतं.

"घट्ट विणणारा मनात ठेवतो," मावशी दोघांकडं बघून म्हणायची, "आणि सैल विणणारा थापा मारतो. तुमची दोघांची सुई एक केली असती, तर एक धड माणूस झाला असता."

ती स्वतःही विणत असायची. मोरपंखी रंगाचा, बारीक टाक्यांचा सुरेख स्वेटर. एका संध्याकाळी ती चहा टाकायला आत गेली तेव्हा मी भाभीला विचारलं, "ही कुणाशी भांडलीय?"

भाभी जवळ सरकली. "धाकट्या भावाशी. तीन गल्ल्या सोडून ऱ्हातोय. आई गेल्यावर वर्षाच्या आत त्यानं आईची म्हस देऊन टाकली, हिला न विचारता. तवापास्नं बोलणं बंद. पंधराएक वर्षं झाली. दर हिवाळ्यात विणती, अन् संक्रांतीला उसवती. भाऊबीजेला चंद्राला ओवाळती, भाऊ नसल्यागत."

"पण कायदा? माप?"

"कोण घेणार माप? बोलत न्हाईत दोघं. म्हणती, माझ्या भावाचं माप मला पाठ हाय." भाभीनं मोरपंखी धागा बोटावर घेतला. "ही लोकर आईनं आणलेली. बाळ्याला स्वेटर कर, म्हणून हिच्या हातात दिली अन् गेली. बघा कशी झालीय, केसागत. ह्या वर्षी उसवली तर तुटून हातात येणार. अन् दुसऱ्या लोकरीला हात लावायला ती तयार न्हाय."

आतनं आवाज आला, "काय कुजबुजताय?" मी सुया उचलल्या. तिनं विचारलं ते रंकाळ्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

आता गंमत अशी, की त्या बाळ्याला मी ओळखत होतो. आमच्याकडं दूधकट्ट्यावर संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन येतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. मी रोज तिथं. तोही रोज तिथं. बाळ्या! दारातनं आत यायचं तर दार आधी विचार करेल असा माणूस. मी मावशीचा भाडेकरू हे कळल्यापासनं तो मला बाजूला घेऊन विचारायचा, "गिरणी चालू हाय न्हवं? पिठानं खोकत न्हाय न्हवं आक्का?" मी त्याला रोज मावशीची एखादी हकिकत तिखटमीठ लावून सांगायचो. तो हसत ऐकायचा आणि गोष्ट लांबली की आणखी एक ग्लास मागवायचा. माझ्या गोष्टी नेहमीच लांबायच्या. म्हणजे त्याच्या पोटात माझाही बराच वाटा आहे.

संक्रांत आली. गिरणी भरली. तिळगूळ वाटून झाला आणि स्वेटर निघाले.

आधी माझा. जॉबरनं तो डोक्यातनं घातला आणि नाहीसा झाला. थोड्या वेळानं एका बाहीतनं हाक आली, "गळा कुठाय?" बायका पोत्यांवर लोळायला लागल्या. शेवटी भाभीनं त्याचं डोकं शोधून वर काढलं. नारिंगी तंबूतनं तो माझ्याकडं बघत होता. तशी त्याच्या नजरेत तक्रार नव्हती. "सहा वितीचा हाय," एवढंच म्हणाला.

मग त्याचा, माझ्यासाठी. तो चढवायला दोन माणसं लागली आणि ती मध्यावर थकली. डोकं बाहेर आलं, पण हात वर गेले ते वरच राहिले. खाली येईनात, स्वेटर निघेना. मी गिरणीच्या मधोमध दोन्ही हात आकाशाकडं करून उभा.

त्या हसण्यात मावशीनं हळूच आपला मोरपंखी स्वेटर मांडीवर घेतला. पुरा झालेला. तिनं खालच्या काठाचं टोक शोधलं. उसवायचं टोक. भाभीचं हसू तिथंच थांबलं.

"न्हाई मावशी," ती म्हणाली. "ह्या खेपंला न्हाई. तुटंल ती."

"तुटू दे. माझी हाय."

हात वर असलेल्या माणसाला गप्प बसणं फार जड जातं. मी बोलून गेलो, "मावशी, उसवा नाहीतर ठेवा, तो स्वेटर त्याला होणारच नाही! बाळ्याची छाती सहा विती आहे!"

मावशीची बोटं टोकावरच थांबली.

"कुणाची?"

"तुमच्या भावाची. मी रोज बघतो. सहा."

मावशीचा चेहरा लाल झाला. "चार! चार विती छाती हाय माझ्या भावाची! काठीगत पोरगं त्ये! ह्या छत्रीला सहा म्हणालास, आता बाळ्याला सहा म्हणतोस. थापाड्या! तुझ्या तोंडाला माप हाय का न्हाय?"

आयुष्यात कधी नव्हे ते मी खरं बोललो होतो आणि पंचवीस माणसांतलं एकही मला खरं मानायला तयार नव्हतं. मी आजवर खपवलेल्या सगळ्या बाटल्या त्या क्षणी माझ्यावर फुटल्या.

"चला," मी म्हटलं. "कट्ट्यावर असेल आत्ता. घाला विती. चार भरल्या तर उद्या खोली सोडतो."

मावशी उठली. मला खोटं पाडायची संधी तिनं सोडली असती तर ती मावशी कसली? स्वेटर काखेत मारून ती पुढं निघाली, मागं भाभी, भाभीमागं नारिंगी तंबूतला जॉबर, आणि शेवटी मी, हात वर केलेला. समोरनं येणाऱ्यांना वाटलं मला पोलीस स्टेशनला नेतायत. एकानं तर विचारलं, "काय चोरलं वो पावण्यांनी?"

कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या, चरवीत धारा वाजत होत्या. बाळ्या बाकावर ग्लास घेऊन बसलेला. मावशी चार पावलांवर येऊन थांबली. तिनं त्याला बघितलं, आणि तिचं पाऊल अडलं. तीन गल्ल्यांचं अंतर, पण इतक्या वर्षांत तिनं त्याला नीट बघितलंच नसावं. दिसला की मान वळवत आली असणार.

तो उठला. ग्लास हातातच. "आक्का," म्हणाला.

ती पुढं गेली आणि त्याच्या छातीच्या मधल्या बटणावर अंगठा टेकवला.

"एक!"

गिरणीचा आवाज तो. म्हशीनं पान्हा चोरला. गवळी कळवळला, "मावशी, हळू की जरा!" पण ती वीत टाकत निघाली. दोन. तीन. काखेखालनं पाठीकडं गेली. पाठीवर तिचा हात जरा रेंगाळला, आवाज जरा कमी झाला, म्हणजे आता फक्त पेठेलाच ऐकू येत होता. आणि बाळ्या? आमच्या जॉबरनं छाती फुगवली होती. ह्या पहाडानं पोट आत ओढलं. मान ताठ, गाल लाल, श्वास कोंडलेला. बहिणीला पाठ असलेल्या मापात बसायची धडपड चालली होती त्याची.

मावशी फिरून समोर आली. त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"श्वास सोड, बाळ्या," ती म्हणाली. हळू. मी शपथेवर सांगतो, हळू.

त्यानं सोडला. बटण तुटलं आणि गवळ्याच्या चरवीत पडलं. मावशीनं शेवटची वीत टाकली आणि माझ्याकडं वळली.

"सहा म्हणालास न्हवं? सात हाय! थापाड्या!"

मी आयुष्यात एकदाच कमी करून सांगितलं, तेही उघडकीला आलं.

"आक्का," बाळ्या म्हणाला, "म्या इचारलं हुतं तुला."

"काय?"

"म्हशीचं. आई गेल्यावर ती पान्हवत नव्हती, वैरण तोंडात घेईना. बघवंना मला. एका म्हाताऱ्या बाईनं हात लावला तर शांत ऱ्हायली. तिला देऊ का, म्हणून इचाराय गिरणीत आलतो. गिरणी चालू हुती. तू मान हलवलीस."

 भाभीनं कपाळाला हात लावला.

"पट्टा थांबल्यावर का न्हाय बोललास?" मावशी म्हणाली.

"तू व्हय म्हणालीस. मग परत कशाला इचारू?"

 मावशीनं चरवीतल्या धारांकडं बघत विचारलं, "वैरण खाल्ली का मग तिकडं?"

"खाल्ली की. तीन वेतं झाली."

"मग बरं झालं," मावशी म्हणाली आणि बाकावर बसली. "दूध सांग मला. अन् ह्या थापाड्यालाबी."

माझे हात वरच. ग्लास आला, पण धरणार कोण? जॉबर पुढं झाला. नारिंगी बाही कोपरापर्यंत सारून त्यानं ग्लास माझ्या ओठाला लावला आणि मी पिईपर्यंत धरून ठेवला. तेवढ्यात हळूच म्हणाला, "सकाळी तू आधी अंघोळ करत जा. पण गाणं म्हणू नको."

दुसऱ्या संध्याकाळी गिरणीत बाळ्याला दोन पोती लागली. मोरपंखी स्वेटर त्याला होणार नव्हता आणि उसवायचा तर आईची लोकर गेली असती. तोड भाभीनं काढली. "उसवायचं कशाला? दोन्ही कुशींना रुंद पट्ट्या घाला. ब्लाऊज आखूड झाला तर मी काय फाडून टाकते व्हय?" पट्ट्यांना लोकर हवी होती. सगळ्यांनी जॉबरकडं बघितलं. त्यानं नारिंगी तंबू काढून दिला, जरा नाराजीनंच. त्याला तो आवडायला लागला होता. डावी पट्टी जॉबरनं विणली, उजवी मी. त्याची घट्ट, माझी सैल. त्यामुळं तो स्वेटर घालून बाळ्या पेठेतनं निघाला की कायम डावीकडं कलायचा आणि प्रत्येक कोपऱ्यावर आपोआप गिरणीकडं वळायचा.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी गारगोटीहून मुद्दाम लवकर परत आलो. गिरणीत पाट मांडलेला, पाटावर बाळ्या, दोन्ही बाजूंनी उतू जाणारा. ओवाळून झालं. मग मावशी तबक घेऊनच दारात आली, पश्चिमेकडं बीजेची बारीक कोर दिसत होती तिकडं तिनं बघितलं आणि गिरणी चालू असल्यागत ओरडली,

"यंदा तुला सुट्टी रं!"

कोर लगेच मावळली. बीजेची कोर लवकरच मावळते, हे मलाही ठाऊक आहे. पण मी सांगताना दचकून मावळली असंच सांगतो.